मराठी-कन्नड वेबसाइट: शिरोरेषा तुटते, काय करू?

शहापूरकर:
बेळगावच्या वडगावातल्या एका साडीवाल्यांची वेबसाइट करतोय. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही पाहिजेत. गिऱ्हाईक निपाणीहून येतं तसं बैलहोंगलाहूनही येतं. विकतचं टेम्प्लेट, म्हणजे वेबसाइटचा तयार साचा, घेऊन बसवलं. काल दुकानात मोबाईलवर दाखवलं, तर मालकांच्या आई चष्मा सारखा करून म्हणाल्या, ‘अक्षरं अशी सुटी सुटी का रे बाळ?’ बघतो तर ‘शहापुरी साडी’ या मथळ्यात प्रत्येक अक्षरापुढं शिरोरेषा तुटलेली, ‘री’ची वेलांटी वरनं कापलेली. फार लागलं मनाला. इंग्रजी मथळा मात्र ठाकठीक.

शिवाय मालकांचा मुलगा म्हणतोय वेबसाइट कशाला, ॲपच करा. काय करू?

निपाणीकर:
सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ‘लेटर-स्पेसिंग’ (अक्षरांमधली जागा) शोधा. इंग्रजी कॅपिटल अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून टाकलेलं असतं; आपली शिरोरेषा तिथंच तुटते. मराठी-कन्नडला शून्य करा. ‘लाइन-हाइट’ (ओळीची उंची) 1.1 असेल तर 1.6 करून बघा, आणि मथळ्यावरचं ‘ओव्हरफ्लो हिडन’ (चौकटीबाहेर जाईल ते लपवायची सूचना) काढा. वेलांटी त्यानंच कापली जाते.

खानापूरची:
दादा, पानाचं ‘लँग’, म्हणजे भाषा सांगणारी खूण, अजून ‘ईएन’च असेल, तेवढं बघा. मराठी भागाला ‘एमआर’, कन्नडला ‘केएन’ द्या. नाहीतर स्क्रीन रीडर (अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचायला जातो. ज्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, त्यातही ते ‘एमआर’ बघूनच येतात. आमच्या आजीला हिंदी वळणाचा ‘श’ अजून परका वाटतो, म्हणून मी हे कधी सोडत नाही.

दोन्ही लिप्यांचे फॉन्ट ‘युनिकोड-रेंज’नं, म्हणजे कुठला फॉन्ट कुठल्या अक्षर-क्रमांकांसाठी हे सांगून, वेगळे ठेवा. देवनागरी 0900 ते 097एफ, कन्नड 0सी80 ते 0सीएफएफ. पानावर जी लिपी असेल तेवढाच फॉन्ट उतरतो.

ॲपचं म्हणाल तर वर्षातनं दोनदा साडी घेणारं माणूस ते फोनमध्ये कशाला ठेवील? जांबोटीच्या पुढं आमच्याकडं रेंज येते-जाते. तिथं हलकं पान उघडतं, हेच खरं काम. ‘सर्व्हिस वर्कर’ (पानं फोनमध्ये साठवून ठेवणारा ब्राउझरमधला छोटा प्रोग्राम) लावा, एकदा बघितलेल्या साड्या रेंज नसतानाही दिसतील.

शहापूरकर:
ताई, निपाणीकर, दोघांचेही आभार. स्पेसिंग काढल्या काढल्या रेघ सलग झाली. आज आईंनी मोबाईल हातात घेऊन ‘शहापुरी साडी’ मोठ्यानं वाचलं, मग किंमतही. ॲपचं मुलाला पटलंय, पण त्याच्या फोनवर कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षराचा खालचा भाग, बटणात अजून कापला जातोय. उद्या बटणांची ठरवून दिलेली उंची काढून बघतो.