'पीडिता' नको, तर मग काय लिहायचं?

विचारणा

तालुक्याच्या गावातल्या महिला समुपदेशन केंद्रासाठी पत्रक लिहिते आहे. ग्रामीण रुग्णालयात, अंगणवाडीत आणि एसटी स्टँडवर ठेवायचं आहे. घरात हिंसा सोसलेल्या बाईसाठी संस्थांच्या बोलण्यात हल्ली 'सर्व्हायव्हर' (त्यातून तगलेली) ऐकू येतं, पण ते पत्रकावर चालणार नाही. 'पीडिता' मला खटकतं. 'अत्याचारग्रस्त', 'वाचलेली', 'हिंसामुक्ता' असे पर्याय सुचवले गेलेत. कोणता घेऊ? शिवाय 'कौटुंबिक हिंसाचार' लिहू की 'घरगुती हिंसा'?

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नापुरतं सांगतो. २००५ साली झालेला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेला कायदा मराठीत 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम' म्हणून ओळखला जातो. अर्जावर तेच नाव हवं. पण नुसतं 'हिंसाचार' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दगडफेक, जाळपोळ येते, म्हणून बोलताना 'घरगुती हिंसा' बरं.

प्रतिसाद

ताई, मी याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'बळी' तर नकोच. 'हुंडाबळी' म्हणजे गेलेली बाई. आपल्याकडे येते ती जिवंत असते आणि तिला पुढे जगायचं असतं. 'वाचलेली' म्हटलं की अपघातातून नशिबानं निभावल्यासारखं वाटतं. 'हिंसामुक्ता' ऐकायला छान आहे, पण फोन करणारी बहुतेकदा अजून त्याच घरात राहत असते. अहवालात आम्ही 'हिंसेला सामोरी गेलेली स्त्री' लिहितो. लांबलचक आहे, पण खरं आहे.

पत्रकाचं गणित वेगळं. आमच्याकडे येणारी बाई 'माझ्यावर हिंसा होते' असं जवळजवळ कधीच म्हणत नाही. ती म्हणते, 'घरी त्रास आहे', 'लई जाच आहे', 'पिऊन आला की हात उचलतो', 'नांदवत नाही', 'माहेरी आणून सोडलंय'. वयस्कर बाया 'सासुरवास' म्हणतात. जात्यावरच्या ओव्या या शब्दानं भरलेल्या आहेत, तरी मी तो पत्रकात घालणार नाही. त्यात सगळा दोष सासूवर जातो, नवरा मोकळा सुटतो आणि त्रास हा जणू बाईच्या जन्माचा भागच ठरतो. 'त्रास' मात्र घ्याच. त्या शब्दात मारही येतो आणि अबोलाही येतो.

कायद्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे प्रकार आहेत. शेवटचा बायकांना ठाऊकच नसतो. 'आर्थिक हिंसा' लिहून काही कळणार नाही. 'पगार काढून घेतो, खर्चाला पैसे देत नाही, दागिने परत करत नाही' असं लिहा. कलम १७ तर ठळक अक्षरांत द्या: 'घर तुमच्या नावावर नसलं तरी कायदेशीर प्रक्रियेशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही.' या एका वाक्यासाठी बाया पत्रक जपून ठेवतात.

म्हणूनच मथळ्यात 'हिंसा' नको. ते घरात कुणाच्याही हाती लागू शकतं. वर 'महिलांचे आरोग्य आणि हक्क' असं काही असू द्या, आकार पाकिटात मावेल एवढा. सुजलेल्या डोळ्याचं चित्रही नको; जिच्या अंगावर वळ नाही तिला वाटतं, हे माझ्यासाठी नाही. 'समुपदेशन' शब्दाची फोड करा. पुष्कळ जणी त्याचा अर्थ 'समजूत घालून परत नांदायला पाठवतात' असा घेतात आणि येतच नाहीत.

आधीच्या लोकांनी नावं किती विचारानं ठेवली ते पाहा. मुंबईत महापालिकेच्या वांद्र्यातल्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास केंद्र सुरू झालं, त्याचं नाव 'दिलासा'. पुण्यात १९८२ मध्ये नारी समता मंच उभा राहिला, त्यांच्या प्रदर्शनाचं नाव 'मी एक मंजुश्री'. मंजुश्री सारडा म्हणजे पुण्यात सासरी संशयास्पद मृत्यू झालेली तरुण विवाहिता. त्यात कुठेही 'पीडित महिला' नाही. बघणारी स्वतःच 'मी' होते.

प्रतिसाद

मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधन करते. बाईला काय म्हणायचं यावर चर्चा होते, पण करणाऱ्याबद्दलची भाषा तशीच राहते. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून', 'किरकोळ कारणावरून मारहाण', 'घरगुती वादातून प्रकार'. पहिल्या मथळ्यात आरोपीचा बचाव हीच बातमी होते आणि जी बोलायला उरली नाही तिच्यावर डाग पडतो. 'वाद' म्हटलं की दोघं सारखेच भांडत होते असं होतं. मी आता 'पत्नीच्या खुनाच्या आरोपावरून पतीला अटक' असं सुचवते. न्यायालयात काही सिद्ध व्हायच्या आधी 'आरोप' ठेवावाच लागतो, पण संशय मथळ्यात आणायची गरज नसते. 'टाकलेली बाई' हाही तसलाच शब्द. टाकणारा त्यात दिसतच नाही.

विचारणा करणारी

मनापासून आभार. तिला नावच द्यायचं नाही, थेट तिच्याशी बोलायचं असं ठरवलं. मसुदा असा:

'नवरा किंवा सासरची माणसं त्रास देतात? मारतात, घालूनपाडून बोलतात, पैसे देत नाहीत, घराबाहेर काढतात? आमच्याशी बोला. काय करायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही सोबत राहू. बोललेलं तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. महिला हेल्पलाइन १८१.'

प्रतिसाद

छान उतरलंय. एकच बदल सुचवते. 'नवरा किंवा सासरची माणसं' ऐवजी 'घरातलं माणूस' करा. मुलाचा मार खाणारी आई, भावानं घराबाहेर काढलेली बहीण, लग्नाशिवाय पण नवरा-बायकोसारखी एकत्र राहणारी बाई, या सगळ्यांना हा कायदा लागू होतो. आमच्याकडे विधवा आया येतात, त्यांना वाटत असतं हे फक्त सुनांसाठी आहे. आणि फोन उचलणाऱ्या कार्यकर्तीला पहिलं वाक्य ठरवून द्या: 'आत्ता मोकळेपणानं बोलता येईल का?' नाव-गाव नंतर.