माणूस हलगर्जीपणाने गेला तर एफआयआरवर थांबायचं, की दिवाणी दावाही लावायचा?

भरतीओहोटी

उघड्या गटारात पडून, खांबातला करंट लागून किंवा दवाखान्यात भलतंच इंजेक्शन दिल्याने कुणी गेलं की चौकात सगळे एकच सांगतात, "पोलिसात जा." जावंच. पण भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ (हलगर्जीपणाने मृत्यू) लागून उद्या कुणाला शिक्षा झाली, तरी मागे राहिलेल्या बाईचं घर त्यावर चालत नाही.

त्यासाठी आपल्याकडे १८५५ चा, म्हणजे कंपनी सरकारच्या काळातला, प्राणांतिक अपघात कायदा आहे. मृताची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी भरपाई मागता येते. मुदत मृत्यूपासून २ वर्षं. फौजदारीत आरोपी सुटला तरी हा दावा चालतो, कारण इथे 'वाजवी संशयापलीकडे' सिद्ध करायची गरज नसते. पारडं आपल्या बाजूने झुकलं की पुरे.

उदाहरण आपल्याच मातीतलं देतो. मे १९५३, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. विशीतल्या मुलाचं समुद्रकिनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधल्या. मग टॅक्सीने सुमारे २०० मैलांचा, ११ तासांचा प्रवास करून त्याला पुण्याला आणलं. तिथे नीट भूल न देता, मॉर्फियावर भागवून, माणसं लावून जोर करून पाय ओढला. रात्री मुलगा गेला. वडिलांनी दावा लावला, जिंकला, उच्च न्यायालयात टिकला आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला. 'जोशी विरुद्ध गोडबोले' हा निकाल वैद्यकीय हलगर्जीपणाच्या प्रकरणांत आजही वाचून दाखवतात.

तर माझं म्हणणं, दावा लावायचाच. तुमचं?

कडक_चहा

भरपाई किती मिळाली ते बरं लिहिलं नाहीत. मी लिहितो : ३००० रुपये. मृत्यू १९५३ चा, शेवटचा निकाल १९६८ चा. १५ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून तीन हजार! त्या काळातले असले म्हणून काय झालं? निकाल वकिलांच्या कामाला आला, बापाच्या हाती काय पडलं?

दिवाणी दाव्यात मागाल त्या रकमेवर आधी कोर्ट फी भरा. मग समन्स लागत नाही, लागलं की कैफियत (समोरच्याचं लेखी उत्तर) येत नाही, आली की वादाचे मुद्दे निघत नाहीत. ज्या घरातला कमावता गेला त्यांनाच म्हणायचं, चला, आता दर महिन्याला तारखेला या.

भरतीओहोटी

@कडक_चहा, फीचं म्हणाल तर ऐपत नसलेल्याला फी न भरता दावा लावायची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे. वेळेबद्दल भांडत नाही. पण कुणीच दावा लावला नाही तर समोरच्याच्या खिशाला चिमटाही बसत नाही. ठेकेदार मेलेल्या माणसाला भीत नाही हो, बिलातून पैसे कापले जाण्याला भितो.

डॉ_पावसाळी

तालुक्याच्या गावी वीस खाटांचं रुग्णालय चालवतो, त्यामुळे मी कुठल्या बाजूचा ते सांगायला नको. प्रत्येक मृत्यू हलगर्जीपणाने होत नाही. सापाचं विष उतरलं नाही, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबला नाही, तर सगळं वेळेवर करूनही पेशंट जातो. मग नातेवाईक फाईल मागतात आणि कुणीतरी 'दावा ठोका' म्हणतं. परिणाम? जरा अवघड केस दिसली की रेफर. पुढच्या शहरापर्यंतचे दोन तास पेशंटचे जातात, वकिलांचे नाही.

सरळमार्गी

डॉक्टरसाहेब, तुमची भीती मान्य, पण ती चुकीच्या कोर्टाला लावताय. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालाने (२००५) डॉक्टरला फौजदारीत दोषी धरायला घोर निष्काळजीपणा लागतो असं सांगितलं. साधी चूक तुरुंगापर्यंत नेत नाही, तिची जागा दिवाणी दाव्यात. तिथे अटक नाही, पोलीस नाही, विमा असेल तर पैसेही विमा कंपनी भरते. लोकांनी काचा फोडण्यापेक्षा दावा लावावा हे खरं तर तुम्हीच म्हणायला हवं.

दुसरं, खाजगी रुग्णालय असेल तर दिवाणी कोर्ट कशाला? १९९५ च्या शांता निकालापासून पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखाली येतो. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी शून्य. मुदत तिथेही २ वर्षंच. मात्र सगळ्यांना फुकट उपचार देणारं सरकारी रुग्णालय त्यात बसत नाही.

कडक_चहा

आयोगही बघितलेत. अनुराधा साहा चुकीच्या उपचारांनी १९९८ मध्ये गेल्या, सर्वोच्च न्यायालयाचा ५.९६ कोटींचा निकाल २०१३ मध्ये. रक्कम मोठी म्हणून सगळे उदाहरण देतात. पण लढणारे पती स्वतः डॉक्टर होते आणि अमेरिकेत कमावत होते. तुमच्या-माझ्या घरात कोण आहे तसं?

शिरस्तेदार

कोर्टात हयात गेली, म्हणून दोन शब्द.

कडक_चहा निकालापर्यंतच बोलले. खरी गंमत नंतर. हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसे आले नाहीत, पुढे वसुलीसाठी दरखास्त (अर्ज) लावावी लागते. तरीही मी दाव्याच्या बाजूचा. मात्र कुणाविरुद्ध लावताय ते आधी बघा. वीज कंपनी असेल तर पाया भक्कम, कारण धोकादायक वस्तू हाताळणाऱ्यावर जबाबदारी कडक असते, हलगर्जीपणा दाखवावाच लागतो असं नाही (शैलकुमारी निकाल, २००२). महापालिकेचं मात्र दोन्हीकडे झुकतं. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळला, तेव्हा कोर्ट म्हणालं की ८० वर्षांचं बांधकाम आपोआप पडतं याचं उत्तर पालिकेनेच द्यावं. आणि राजकोटला १९७५ मध्ये कचेरीत निघालेल्या माणसावर रस्त्याकडेचं झाड पडलं, तर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेला सोडून दिलं! दोन्हीकडे माणूस रस्त्यावरच मेला होता. मला आजही तो दुसरा निकाल पटत नाही.

रकमेचं गणित वय आणि कमाईवर चालतं. त्यामुळे म्हातारी माणसं आणि गृहिणी स्वस्त ठरतात. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत गृहिणींच्या कामाची किंमत महिना ३००० रुपये धरली, साठी उलटलेल्या बायकांची वर्षाला २०,०००. आणि तीही न्यायालयाने वाढवून दिल्यावर.

डॉ_पावसाळी

विम्याचं बोललात म्हणून सांगतो. विमा भरपाई देतो, पण 'याने मारलं' हे गावात पसरलेलं पुसून देत नाही. दावा फेटाळला गेल्याची बातमी कुणी छापत नाही.

नळाचं_पाणी

खड्ड्यांसाठी आता मुंबई उच्च न्यायालयानेच ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय ना, मृत्यूला ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख? मग दावा कशाला?

भरतीओहोटी

ते ६ लाख तातडीचे म्हणून घ्यावेत. तिशीतला, दोन लहान मुलांचा बाप गेला असेल तर त्याच्या उरलेल्या तीस वर्षांच्या कमाईचा हिशोब सहा लाखांत बसतो का? तो मागायला दावाच लागतो.

आडवाटेने

गेल्या पावसाळ्यात आमचे काका पालिकेच्या ठेकेदाराने खोदून ठेवलेल्या चरात स्कूटरसकट गेले. कठडा नाही, दिवा नाही. गुन्हा नोंदवलाय, तपास जागचा हलत नाही. वर २ वर्षं वाचून जिवात जीव आला, अजून वेळ आहे.

शिरस्तेदार

@आडवाटेने, थांबू नका! २ वर्षं खाजगी माणसाविरुद्ध. महापालिकेला आधी नोटीस देऊन महिनाभर थांबावं लागतं आणि पालिका कायद्यातली सहा महिन्यांची मुदत त्यांचा वकील पहिल्याच कैफियतीत पुढे करतो. ती तुमच्या प्रकरणाला लागू पडते की नाही यावर वाद घालता येतो, पण तो वाद वकिलाला घालू द्या. ठेकेदाराला वेगळा प्रतिवादी करा. शवविच्छेदन अहवाल, पंचनाम्याची प्रमाणित प्रत, काकांच्या पगाराच्या स्लिपा किंवा रिटर्न्स गोळा करा. चराचे फोटो असतील तर ज्या फोनमधून काढले तो फोन विकू नका. पालिकेचा कामाचा आदेश माहिती अधिकारात मागवा, त्यात कठडे आणि दिवे लावायची अट बहुतेक असतेच. आणि वकील या आठवड्यातच गाठा.