ठासणीच्या बंदुकीला खोबरेल नको

पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची, म्हणजे तोंडाकडून बार ठासून भरायची बंदूक रॉकेलने पुसून तिला खोबरेल लावावे, हा सल्ला मला पटत नाही. बंदुकीची काळी दारू जळल्यावर मागे राहणारे क्षार पाण्यात विरघळतात, रॉकेलमध्ये नाही. ते नळीत राहिले तर हवेतील ओल शोषून लोखंडाला आतून गंज चढवतात. म्हणून बार पेटवणारी टोपी काढून आणि नळीत गज घालून बंदूक रिकामी असल्याची खात्री केल्यावरच, गजाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळून, ती स्वच्छ निघेपर्यंत नळी साबणाच्या कढत पाण्याने धुवावी. तापलेली नळी लवकर सुकते, तरी शेवटी कोरडी चिंधी फिरवावीच. रॉकेल बाहेरचा जुना ओशटपणा काढण्यास पुरेसे आहे, मात्र चुलीपासून दूर. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते आणि धुळे-जळगावकडील डिसेंबरची रात्र त्याहून कितीतरी थंड असते, त्यामुळे घोडा जड चालू लागतो. करडईचे तेल त्याहून वाईट, कारण ते हवेत वाळून चिकट थर धरते. शिलाई मशीनचे पातळ तेल उत्तम, तेही थेंबभरच; पुन्हा बार भरण्यापूर्वी नळीतील तेल पुसून घ्यावे.