टाकी धुवा, पण वाळू आणि दगड काढाच

समुद्री माशांची जुनी, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी विकत घेऊन गोड्या पाण्यातल्या माशांसाठी वापरता येईल का, असा इथला प्रश्न आहे. मीठ काचेत मुरत नाही, दोन-तीनदा साध्या पाण्याने धुतली की टाकी गोड्या पाण्याला तयार, असं त्यावर एका उत्तरात म्हटलंय ते काचेपुरतं अगदी बरोबर आहे. काचेवर समुद्री शेवाळाच्या जांभळट खपल्या राहिल्याच तर पांढरं व्हिनेगर लावून ठेवा, सुटतात. साबण नको. मात्र टाकीबरोबर मिळालेली वाळू आणि दगड तसेच ठेवू नका. ते बहुतेक प्रवाळाचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा आणि पीएच वाढवतात. भातसा-तानसा-वैतरण्याचं आपलं मुंबईचं नळाचं पाणी मुळात मऊ (क्षार कमी असलेलं), निऑन टेट्रासारख्या छोट्या माशांना छान मानवतं. ते हातचं का घालवायचं? आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड मासे पाळणार असाल तर गोष्ट वेगळी, त्यांना जड पाणी लागतं, म्हणून तीच वाळू चालते.

त्याहून महत्त्वाचं, जे इथे अजून कुणी विचारलं नाही: जुन्या मालकाने माशांना पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध दिलं होतं का? तांबं अशा दगडांत आणि वाळूत धरून राहतं आणि नंतर सुटू शकतं. कोळंबी-गोगलगायींना ते अगदी थोडंही घातक, आणि मऊ पाण्यात त्याचा त्रास जास्तच. घेण्याआधी विचाराच. उत्तर गुळमुळीत आलं तर वाळू-दगड तिथेच सोडा, फक्त काच आणि स्टँड उचला. प्रोटीन स्किमरसाठी (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) जादा पैसे मोजू नका, गोड्या पाण्यात त्यात फेसच नीट धरत नाही. फिल्टरमधले खाऱ्या पाण्याचे जीवाणूही इथे टिकत नाहीत, त्यामुळे सायकलिंग (माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढवणं) पुन्हा पहिल्यापासून करा आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासे आणू नका.