सालसा शिकायला पहिल्याच महिन्यात खास बूट घ्यावेत का?

हौशी_पाय: नवऱ्यासोबत सालसाच्या क्लासला जायला लागले आहे. अजून बेसिक आणि राइट टर्न, एवढंच येतं. सर म्हणतात, स्वेडचा, म्हणजे मऊ लवदार चामड्याचा सोल असलेले डान्स शूज आत्ताच घ्या. किंमत ऐकून नवरा म्हणाला, घरात रनिंगचे बूट आहेत की! मलाही वाटतं, आधी दोन-तीन महिने टिकू तर दे. क्लासच्या हॉलला व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. तुमचं मत?

टवाळ_तात्या: अजिबात घेऊ नका. हौस म्हणून घेतलेली गिटार आमच्या माळ्यावर धूळ खात पडली आहे.

गुडघेवाली: तात्या, माळ्यावरच्या गिटारीने कुणाचा गुडघा जात नाही! रनिंगचे बूट सरळ पळायला बनवतात, जमीन घट्ट धरणं हेच त्यांचं काम. सालसात गिरकी चवड्यावर घ्यायची असते. रबर टाइलला चिकटून बसतं, वर अंग फिरतं आणि सगळा पीळ मधल्या गुडघ्यात जातो. आतली मेनिस्कसची कूर्चा अशाच पिळाने फाटते. बूट परवडत नसतील तर थांबा, पण रनिंग शूज घालून टर्न मारू नका.

अनवाणी: कथकवाले वर्षानुवर्षं अनवाणीच चक्कर घेतात, त्यांना कोण बूट देतं?

गुडघेवाली: कथकची चक्कर बहुतेक टाचेवर फिरते, चवड्यावर नाही. शिवाय घामेजलेला तळवा टाइलवर कसा चिकटतो ते स्वतःच करून बघा. आणि जोडीच्या नाचात शेजारच्या बाईची हील अनवाणी पावलावर पडली, की कळेलच.

जुना_नाचरा: सरांचा सल्ला लाकडी फ्लोअरसाठी बरोबर आहे. गुळगुळीत टाइलवर, त्यातही धूळ असेल तर, नव्या माणसाचा स्वेडवर पाय सटकतो. स्वेडचे लाडही फार. रस्त्यावर घालायचं नाही, ओलं होऊ द्यायचं नाही, तंतू दबले की तारेचा ब्रश मारायचा. पावसाळ्यात बूट पिशवीतून न्यायचे आणि हॉलमध्ये बदलायचे.
सालसा वाढला तो 1960-70 च्या दशकांत, न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन आणि क्यूबन लोकांत. ते काय आधी डान्स शूज घेऊन मग नाचायला उतरले? चामड्याचा सपाट सोल असलेले, पायात घट्ट बसणारे साधे बूट सुरुवातीला पुरतात. नवऱ्याचे लग्नातले बूट काढा बाहेर.

टवाळ_तात्या: मग कोल्हापुरी का नको? सोल अस्सल चामड्याचा!

जुना_नाचरा: मागे पट्टा नाही हो. पहिल्याच गिरकीत समोरच्याच्या नडगीवर.

गुडघेवाली: लग्नातले बूट पुरुषांना ठीक. ताई, तुम्ही मात्र पार्टीच्या हील्स घालू नका. सालसासारख्या लॅटिन नाचांच्या शूजमध्ये हील जरा पुढे, पावलाच्या टाचेखाली बरोबर येते. घोट्याला पट्टा असतो, चवड्याजवळ बूट सहज वाकतो. फॅशनच्या सँडलमध्ये यातलं काहीच धड नसतं, सगळं वजन बोटांवर येतं. अडीच इंचांचा मोह टाळा, दीड इंच आणि रुंद टाच बघा. माप अंगठ्याला जागा सोडून नाही, चपखल घ्या. चामडं सैल होतंच.

अनवाणी: जुन्या कॅनव्हासच्या बुटांना स्वेड चिकटवून घेतलं तर?

जुना_नाचरा: होतं. पण रबराची नक्षी आधी घासून सपाट करायला सांगा, नाहीतर कडा सुटून तिथेच पाय अडकतो. त्याहून सोपं म्हणजे जुना मोजा कापून चवड्यापुरता बुटावर चढवा. दिसतं भिकार, फिरतं झकास.

गुडघेवाली: मोज्याने टाइलवर जास्तच घसरतं. नवख्यांना नका सांगू असले उद्योग.

जुना_नाचरा: फक्त चवड्यावर म्हटलंय मी. टाचेचं रबर धरून ठेवतं.

हौशी_पाय: नवऱ्याचे लग्नातले बूट काढले, तर सोल रबराचा निघाला! त्यावर मोजा चढवणार. मी दीड इंची घेतेय, पण दुकानात टाइलवर गिरकी मारून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.

टवाळ_तात्या: न टिकल्यास माळ्यावर गिटारीशेजारी जागा आहे.