बोर्नप्लाट्झचे सिनेगॉग पुन्हा उभारावे, की तेथील मोकळी जागा तशीच राखावी?

वाटसरू:
जर्मनीतील हॅम्बुर्गच्या ग्रिंडेल भागात, विद्यापीठाला लागून, योझेफ कार्लेबाख चौक आहे; हेच पूर्वीचे बोर्नप्लाट्झ. २०१८ च्या हिवाळ्यात मी तेथे गेलो, तेव्हा पाहण्यासारखे काही आहे हे कळायलाच थोडा वेळ लागला. फरसबंदीत गडद ग्रॅनाइटच्या रेषा बसवलेल्या होत्या आणि त्या एकमेकींना छेदत चौकभर पसरल्या होत्या. येथे उभ्या असलेल्या सिनेगॉगच्या छतातील कमानींचा आराखडा त्या रेषांनी मूळ मापात जमिनीवर उतरवला आहे. सुमारे ४० मीटर उंच घुमटाचे हे ज्यू प्रार्थनास्थळ १९०६ मध्ये उघडले. नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी ज्यूंविरुद्ध केलेल्या हिंसाचारात त्याची नासधूस झाली, १९३९ मध्ये ते पाडण्यात आले आणि पाडण्याचा खर्चही ज्यू समाजाच्याच माथी मारण्यात आला. जमीन शहराने घेतली, कडेला बंकर, म्हणजे बाँबहल्ल्यांपासून बचावाचे काँक्रीटचे बांधकाम, उभे राहिले आणि युद्धानंतर अनेक वर्षे येथे विद्यापीठात येणाऱ्यांच्या मोटारी उभ्या राहत. विध्वंसाला ५० वर्षे झाली तेव्हा, १९८८ मध्ये, मार्ग्रिट काल या शिल्पकर्तीने हे स्मारक केले. चौकाला ज्यांचे नाव आहे, ते हॅम्बुर्गचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) मार्च १९४२ मध्ये रिगाजवळ मारले गेले.

आता या जागी पुन्हा सिनेगॉग बांधायचे ठरले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये शहराच्या विधिमंडळाने एकमताने पाठिंबा दिला आणि नंतर केंद्र सरकारने ६.५ कोटी युरो देऊ केले. पहिल्या चर्चेत तर जुन्या इमारतीची हुबेहूब प्रतिकृती उभारण्याचाच विचार होता. माझा विरोध ज्यू समाजाला जागा मिळण्याला मुळीच नाही. मला खुपते ते हे, की तो घुमट पुन्हा आकाशात दिसू लागला, की पुढच्या पिढीला येथे काही तुटले होते हे सांगूनही पटणार नाही. जेरुसलेममधील इतिहासकार मोशे झिमरमन यांचे आईवडील हॅम्बुर्गचेच होते, आणि त्यांनीही पुनर्बांधणीला जाहीर विरोध केला आहे. त्यामुळे हा आक्षेप केवळ बाहेरच्या माणसाचा आहे, असे कोणी समजू नये.

ग्रिंडेलकर:
आपल्या भावनेचा मला आदर आहे, पण मी या भागात गेली अकरा वर्षे राहतो आणि आपले मत मला मान्य नाही. आपण ज्या मोकळ्या जागेचे जतन करू पाहता, ती कोणी निर्माण केली याचा विचार करा. १९०६ ची इमारत मुद्दाम रस्त्यावरून दिसेल अशी, चारही बाजूंनी मोकळी बांधली होती. तोवर या शहरातील सिनेगॉग बहुधा आतल्या बाजूला, लोकांच्या नजरेआड असत, आणि बोर्नप्लाट्झला आपण या शहराचेच आहोत असे ज्यू समाजाने पहिल्यांदा उघडपणे सांगितले. ते दिसणेच नाझींना सलत होते. आज आपण तीच जागा मोकळी ठेवली आणि तिला स्मृती म्हटले, तरी तेथून जाणाऱ्याला ज्यू समाज दिसत नाही तो नाहीच.

स्मारकासमोर वर्षातून एकदा पुष्पचक्र वाहिले जाते, भाषणे होतात आणि मंडळी घरी जातात. प्रार्थना करणाऱ्यांना मात्र दर शनिवारी जागा लागते. १९६० मध्ये होहे वाइडे येथे बांधलेले सिनेगॉग आहे, हे मला ठाऊक आहे, पण तेथेही ऑक्टोबर २०२० मध्ये, सुक्कोथच्या सणात, दारासमोरच एका ज्यू विद्यार्थ्यावर फावड्याने हल्ला झाला. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीतल्याच हाले येथे योम किप्पुरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या, दिवशी हल्लेखोराला सिनेगॉगचे दार फोडता आले नाही म्हणून आतले लोक वाचले, पण बाहेर दोघांचा जीव गेला. पुनर्बांधणीच्या मोहिमेच्या पत्रकावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या त्या या पार्श्वभूमीवर. अशा काळात समाज शहराच्या मध्यभागी परत येऊ म्हणतो, आणि आपण त्याला सांगणार की आमच्या पश्चात्तापासाठी ही जागा राखून ठेवली आहे?

शिल्परेषा:
वरील दोन्ही मतांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: पुन्हा बांधायचे म्हणजे जुन्यासारखेच बांधायचे. ड्रेस्डेनमध्ये तसे झाले नाही. वास्तुविशारद गॉटफ्रीड सेम्परने आराखडा केलेले तेथील सिनेगॉग १९३८ मध्ये जाळले गेले. त्याच्याजवळ २००१ मध्ये नवे बांधले, तेव्हा कोणी जुन्या मनोऱ्यांची नक्कल केली नाही. थरागणिक किंचित वळत जाणारा दगडी ठोकळा उभा केला, आणि समोरच्या अंगणात जुन्या वास्तूची रेषा काचेच्या तुकड्यांनी दाखवली. आगीच्या रात्री एका अग्निशमन जवानाने जुन्या छतावरचा दावीदचा तारा वाचवून लपवून ठेवला होता, तो आज नव्या इमारतीच्या दारावर आहे. लाइपझिगमध्ये मात्र सिनेगॉगच्या जागी १४० काशाच्या रिकाम्या खुर्च्या मांडल्या आहेत, आणि त्या पाहून अंगावर काटा येतो हे मी नाकारत नाही. पण तेथे बसून कोणी तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचू शकत नाही. हॅम्बुर्गने ड्रेस्डेनच्या वाटेने जावे, असे मला वाटते.

इस्राएल आळी:
मी मूळची अलिबागची, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या ज्यू कुटुंबातली. आमच्या आजीच्या तोंडी सिनेगॉगला ‘मशीद’ हाच शब्द होता. आमच्या कोकणात कोणी प्रार्थनास्थळे पाडली नाहीत. समाज आपखुशीने इस्राएलला गेला आणि इमारती जागेवर राहिल्या. तरीही प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमत नसतील, तर सफरतोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) असलेल्या कपाटासमोर उभे राहून काय वाटते, हे मी अनुभवले आहे. म्हणून घुमट कसा असावा हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. हॅम्बुर्गच्या आजच्या ज्यूंपैकी पुष्कळ जण १९९० नंतर पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांतून आलेले आहेत. त्यांच्या आजोबांनी ते जुने छत पाहिले नव्हते. त्यांना काय हवे, हे त्यांनाच ठरवू द्यावे, आणि त्यांत उदारमतवादी ज्यूंचाही आवाज असावा.

वाटसरू:
ग्रिंडेलकर यांचा पहिला मुद्दा मला मान्य करावाच लागेल. मोकळी जागा विध्वंसकांनी केली, हे मी लिहिले होते, पण त्याचा अर्थ पुरता ध्यानात घेतला नव्हता. समाजाने तेथे परत यावे, यावर माझा आता वाद नाही. प्रतिकृतीला मात्र माझा विरोध कायम आहे. मी पाहिला तेव्हा शेजारचा बंकर उभा होता आणि विद्यापीठ तो वापरत होते. त्याच्या शेजारी १९०६ चा दर्शनी भाग जसाच्या तसा उभारला, तर ही दोन बांधकामे एकमेकांना कशी पाहतील, याची मला कल्पना करवत नाही. शिल्परेषा यांना माझी विनंती आहे, की कमानींच्या त्या ग्रॅनाइट रेषा नव्या सिनेगॉगच्या आत, जमिनीवर, मूळ जागीच ठेवता येतील का, यावर त्यांनी वास्तुरचनेच्या दृष्टीने लिहावे.

ग्रिंडेलकर:
त्या रेषा आत राहणार असतील, तर माझीही हरकत नाही. मात्र लोक त्यांवरून चालत प्रार्थनेला जातील, हे आपल्याला चालेल ना?