'गॉटन'वर फुली कशासाठी?

ऐरोलीचा प्रवासी (मूळ धागा): ऐरोलीतील एका कार्यालयात नव्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर 'डू द नीडफुल' (आवश्यक ते करावे), 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) आणि 'गॉटन' ('गेट' या क्रियापदाचे एक रूप) असे लिहून तिन्हींवर लाल फुली मारली. वास्तविक या तिघांची कुळकथा वेगवेगळी आहे. 'गॉटन' हे रूप इंग्लंडातून अमेरिकेत गेले, तिथे टिकले आणि इंग्लंडच्या प्रमाण भाषेतून मात्र गळाले. 'डू द नीडफुल' हा साहेबाच्या कचेरीतलाच प्रयोग. साहेबाने तो टाकला, आपण जपला. 'प्रीपोन' आपल्याकडे रुळला आणि पुढे ऑक्सफर्डच्या कोशातही गेला. मग यात अशुद्ध नेमके काय?

घणसोलीकर: कुळकथा रंजक आहे, पण फोनवरचा ग्राहक ती ऐकायला थांबत नाही. मी 6 वर्षे रात्रपाळीत अमेरिकेचे फोन घेतले आहेत. 'प्रीपोन' म्हटले की पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येत नसे आणि मला 'मूव्ह अप' म्हणून पुन्हा सांगावे लागे. शिवाय प्रमाण भाषेला नावे ठेवणे ज्याला ती येते त्यालाच परवडते. मराठी शाळेतून थेट मुलाखतीला आलेल्या मुलाला हा इतिहास तारत नाही.

ऐरोलीचा प्रवासी: मुलाखतीचा मुद्दा मला निमूट मान्य आहे. मात्र 'ग्राहकाला कळणार नाही' असे सांगणे वेगळे आणि 'चूक' म्हणणे वेगळे. शिवाय अमेरिकी ग्राहक जे रोज बोलतो, त्या 'गॉटन'वर त्याच्याच नावाने फुली कशी मारता येईल?

कळव्याची आगरीण: अनेक कृष्णवर्णीय अमेरिकी लोक 'आस्क'ऐवजी 'आक्स' म्हणतात म्हणून त्यांना अडाणी ठरवले जाते; पण कव्हरडेल या भाषांतरकाराच्या 1535 सालच्या इंग्रजी बायबलमध्ये 'मागा म्हणजे तुम्हांला दिले जाईल' या वचनातले क्रियापद 'आक्स' असेच छापले आहे. तेव्हा उच्चार बिघडला म्हणावे, की बोलणारा कोण आहे हे पाहून नाक मुरडले जाते? शाळेत 'पानी' म्हटल्याबद्दल मला बाकावर उभे केले होते, तेव्हा पाणी मागते आहे हे वर्गातल्या प्रत्येकाला कळले होते.

घणसोलीकर: तुम्हांला उभे करणे अन्यायच होता आणि 'गॉटन'वरची फुलीही मी मागे घेतो. 'प्रीपोन' मात्र मी ठाण्याच्या सहकाऱ्याला बिनदिक्कत लिहीन, अमेरिकेच्या ग्राहकापुढे अजूनही टाळीन. आणि नव्या मुलांनाही तसेच सांगेन, फक्त लाल पेन न उचलता.